चांगल्या पायाची लबाडी

माझा गुडघा गेला तेव्हा मला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात की समोरच्या संघातल्या पोरींनी मला मुद्दाम आपटलं. कुणी आपटलं नाही हो. मी चढाईला गेले, उजवीकडे हूल दिली, डावीकडे वळले. अंग वळलं आणि पाय तिथंच राहिला. आतून कट्कन आवाज आला. मी खाली बसले, तोंडातून पहिला शब्द निघाला तो शिवीचा, आणि माइकवाला तेव्हाही "वाघीण, वाघीण" म्हणून कोकलत होता. मूर्ख कुठला.

मी पनवेलजवळच्या एका गावातली सून. शेतं गेली, मिठागरं गेली, जमिनीच्या पैशातून चार-चार मजली घरं उभी राहिली, पण गावाला एक मैदान उरलंय आणि त्यावर दर जानेवारीत कबड्डीच्या स्पर्धा होतात. पुरुषांच्या आणि महिलांच्याही. पुरुषांच्या उत्कृष्ट चढाईला मोटरसायकल असते. आमच्या उत्कृष्ट चढाईला मिक्सर. बाईनं समोरचे सात गडी एकटीनं गारद केले तरी शेवटी तिनं चटणीच वाटायची, असा आयोजकांचा पक्का समज. माझ्याकडे तीन मिक्सर आहेत, त्यातला एक अजून खोक्यातून काढलेला नाही.

तरी मी खेळायचे. दिवसभर कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं करायची, ट्रेलरवाल्यांशी भांडायचं, घरी येऊन भाकऱ्या थापायच्या, आणि संध्याकाळचा एक तास मैदानावर. त्या तासात मला कुणी वहिनी म्हणत नसे, सूनबाई म्हणत नसे, मॅडम म्हणत नसे. मला तो तास हवा होता. एक सीझन नाही, दोन सीझन नाही, केस पांढरे होईपर्यंत हवा होता. तेहेतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दाखवून "लिगामेंट पूर्ण तुटलंय" म्हटलं, तेव्हा मी दुखण्यासाठी रडले नाही, त्या तासासाठी रडले.

एप्रिलात ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा एक दोरा काढून गुडघ्यात बसवला, असं मला समजेल अशा भाषेत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, खेळायला कमीत कमी नऊ महिने, आणि नऊ महिने झाले म्हणून नाही, तर पायाची परीक्षा पास झालात तर. बाहेरून गुडघा बरा वाटायला लागतो तेव्हा आतला दोरा अजून कच्चाच असतो, आणि तो परत तुटला तर दुसऱ्यांदा गुडघा पहिल्यासारखा होईल याची खात्री कुणी देणार नाही. हे सगळं मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगो, नव मयन्यान पोर होतंय, तुजा गुडगा होत नाय?"

त्या एकट्या बोलल्या असत्या तर चाललं असतं. पण माझ्या पलंगाभोवती अख्ख्या गावाचा दवाखाना भरला. एक म्हणाली, चिंबोऱ्यांच्या नांग्या ठेचून रस्सा दे, हाड जुळतं. मी म्हटलं, हाड मोडलेलं नाही. ती म्हणाली, असू दे, जुळेल तरी. एक काका उरणकडच्या कुठल्याशा हाड बसवणाऱ्याचं नाव घेऊन आले. तो म्हणे नुसत्या अंगठ्यानं दाबतो आणि माणूस पळत घरी येतो. मी विचारलं, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला दाबतो का? म्हणाले, त्याला सांगायचंच नाही ऑपरेशन झालंय म्हणून. वा! आणि टाके काढल्यावर जो तो एकच विचारायचा: "चालतेस ना आता? मग झालं की!" चालणं म्हणजेच बरं होणं, अशी आमच्याकडे साधी व्याख्या आहे. म्हैससुद्धा चालते. तिला कुणी चढाईला पाठवत नाही.

करंजाड्यात मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एक फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथं मी आठवड्यातून दोनदा जायचे. तिथली मुलगी जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसची, आवाज इतका हळू की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही. मला ताई म्हणायची. पहिले काही महिने मला तिचा मनस्वी राग होता. पाय उचला, खाली ठेवा. भिंतीला पाठ लावून बसा, उठा. एका पायावर उभं राहून दात घासा. अरे, मी समोरच्या सात जणींच्या अंगावरून उडी मारून रेषा गाठणारी बाई, आणि ही मला दात घासायला शिकवते! पण करत होते. ऑफिसात खुर्चीतून उठताना करायचे, भाकरी भाजताना करायचे. ट्रेलरवाले हसायचे. हसू देत, त्यांचे गुडघे क्लचवर जाणारच आहेत एक दिवस.

पाचव्या महिन्यात मला वाटलं, झाला बरा. सूज नाही, दुखणं नाही, जिना चढते, स्कूटर चालवते. तिथंच माणूस फसतो. गुडघा गप्प बसला की आपण समजतो तो राजी झाला.

आठव्या महिन्यात त्या मुलीनं परीक्षा घेतली. जमिनीवर टेप अंथरली आणि म्हणाली, "ताई, एका पायावर उभ्या राहा, जमेल तेवढं लांब उडा, आणि त्याच पायावर उतरून स्थिर राहा. हॉप टेस्ट आहे."

मी म्हटलं, "लंगडी म्हण की सरळ."

ती हसली. "हो, लंगडीच."

लंगडी! शाळेत असताना मी एका दमात अख्खा संघ बाद करत होते. मला वाटलं, ही तर माझ्या घरची परीक्षा. आधी चांगला पाय, तीन उड्या. मग ऑपरेशनचा पाय, तीन उड्या. आणि ऑपरेशनचा पाय चांगल्याच्या वीतभर मागे पडला. उतरतानासुद्धा गुडघा आत कलला, मीच पाहिलं. ती म्हणाली, दोन्ही पायांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे, मगच खेळायचं. महिन्यानं परत बघू.

महिन्यानं म्हणजे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात. आणि इकडे गावात काय झालेलं? मला न विचारता नाक्यावर बॅनर लागलेला. माझा पाच वर्षांपूर्वीचा फोटो, मागे जळत्या ज्वाळा, वर लिहिलेलं "वाघिणीचं पुनरागमन", आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत बावीस पुरुषांचे गॉगल लावलेले चेहरे. त्या बावीस जणांतला एकही मला ऑपरेशनच्या वेळी भेटायला आला नव्हता. डॉक्टरांचा होकार यायच्या आधी प्रिंटरवाल्याचा होकार आला, ही आमची पद्धत. लग्न ठरायच्या आधी हॉल बुक करणारी माणसं आम्ही.

बॅनर पाहून मी फाडफाड बोलले, नवऱ्यासमोर, सासूसमोर, जो भेटेल त्याच्यासमोर. पण खरं सांगते, आतून गुदगुल्या झाल्या. ऑफिसला जाताना मी स्कूटर मुद्दाम नाक्यावरून घ्यायला लागले.

आणि मग गच्चीवर रोज लंगडीचा सराव सुरू केला. ऑपरेशनचा पाय काही केल्या पुढं जाईना. चार दिवस, सहा दिवस, तेवढ्याच फरशीवर येऊन पडायचा. सातव्या दिवशी मी घाम पुसत बसले होते आणि अचानक डोक्यात उजेड पडला. दोन पायांमधला फरकच कमी करायचा आहे ना? मग हा लांब जात नसेल तर तो आखूड करू! चांगल्या पायानं थोडी कमी उडी मारायची. बस. मला स्वतःचंच एवढं कौतुक वाटलं की मी गच्चीवर एकटीच हसले. चढाईला जाणारी बाई मी. हूल देणं हा माझा धंदाच. समोरच्याला वाटलं पाहिजे की आपण जोर लावलाय, आणि लावायचा नाही. मी तेही गिरवलं. हात जोरात मागे न्यायचे, दात आवळायचे, हुंकार द्यायचा, आणि उडी मात्र माफक.

जे लोक हाड बसवणाऱ्यापासून ऑपरेशन लपवायला सांगत होते त्यांना मी आठ महिने हसत होते. त्यांच्याहून मी काय वेगळी होते, कप्पाळ! पण हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी शहाणी होते.

परीक्षेच्या दिवशी मी असा हुंकार दिला की खालच्या दुकानातला माणूस वर बघून गेला असेल. चांगल्या पायाच्या तीन उड्या, ऑपरेशनच्या पायाच्या तीन. दोघांचे आकडे जुळ्या भावंडांसारखे आले. मी टॉवेलनं तोंड पुसत म्हटलं, "बघ. सारखे."

ती मुलगी वहीत बघत राहिली. मग उठली, कपाटातून माझी जुनी फाइल काढली, एक पान उघडलं. हळूच म्हणाली, "ताई, ऑपरेशनच्या आधी तुम्ही आला होतात ना, तेव्हा मी तुमचा चांगला पाय मोजून ठेवला होता. हाच पाय तेव्हा आजच्यापेक्षा जवळजवळ हातभर लांब गेला होता."

माझी हूल फसली होती. पण तोंड माझं. "तेव्हा मी तरुण होते," मी म्हटलं.

"नऊ महिन्यांपूर्वी?"

"टेप चुकली असेल मग."

"टेप तीच आहे, ताई." तिनं पंखा बंद केला. म्हणजे नीट ऐकायचं होतं. "दोनच शक्यता आहेत. एक, इतके महिने खेळ नाही म्हणून तुमचा चांगला पायसुद्धा उतरलाय. असं होतं पुष्कळदा, दोन्ही सारखे दिसतात पण सारखेच कमकुवत असतात. पण महिनाभरापूर्वी तो चांगला लांब गेला होता, म्हणून मला ही शक्यता कमी वाटते. दुसरी तुम्हाला माहीत आहे. कुठलीही असली तरी मी हो लिहू शकत नाही."

असा राग आला मला! पकडली गेले त्याचा नाही म्हणणार, पण त्याचाच होता. मी म्हटलं, "तू कधी कबड्डी खेळलीयस का? मातीत कधी पडलीयस? टेप घेऊन बसायचं आणि दुसऱ्याच्या पायाचा निकाल लावायचा, सोपं असतं गं."

"नाही खेळले," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला अडवत पण नाहीये. मैदानावर माझा कागद कोण विचारतंय? मी फक्त खोटं लिहिणार नाही."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मी चपला अडकवल्या आणि स्कूटर काढून थेट मैदानावर गेले. ठरवलंच होतं. परीक्षा खड्ड्यात गेली, मी खेळणार.

मैदानावर आमचे दादा बसले होते. दादा म्हणजे आमचे प्रशिक्षक, नात्यानं माझे लांबचे दीर, वय साठीच्या आसपास. अख्खं गाव त्यांना दादा म्हणतं. लोखंडी खांबाला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्चीत, तोंडात शिट्टी, समोर पोरी चढाया घोटत होत्या. मी जवळ गेले आणि सांगितलं, "दादा, मी हाय टीममध्ये." त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप तशी होते.

दादांचा चेहरा खुलला. "मंग! मी काय सांगत व्हतो? तुला कुणी पळाया सांगितलंय? तू नुसती कोपऱ्यात उभी राव. तुला बगून समोरच्या पोरी निम्म्या गार व्हतील." नुसती उभी राहा! कबड्डीत नुसतं उभं राहणारी बाई आजवर कुणी पाहिली असेल तर मला आणून दाखवा. पण मी मान डोलावली. मला तेच ऐकायचं होतं.

"ह्या डाक्टरांचं ऐकत बसलो असतो तर आमी कवा खेळलोच नसतो," दादा म्हणाले, आणि मला ठाऊक होतं आता काय येणार. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. गावातल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे. "फायनलच्या आदी गुडगा नारळावानी सुजला व्हता माजा. फडका बांदला घट आन् उतरलो. एका चढाईत तीन गडी मारले. तीन! कप आनला गावात. इचार कुनालाबी."

त्यांना बरं वाटावं, एवढ्याचसाठी मी विचारलं, "आनि पुडच्या वर्षी?"

"पुडच्या वर्षी काय?"

"पुडच्या वर्षी कोनता कप आनला?"

"पुडच्या वर्षी कुटं," दादा म्हणाले. "ती शेवटचीच मॅच. मंग गुडग्यानं ऐकलंच नाय." डब्यातला भात संपला असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी, आणि शिट्टी तोंडात घालून एका पोरीवर खेकसले.

पंधरा वर्षं ती गोष्ट ऐकत होते मी. गावानं चाळीस वर्षं ऐकली असेल. कुणी पुढचं विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नव्हतं. मला तर वाटायचं, दादा एकदा कधीतरी खेळायचे थांबले असतील, जसे सगळे थांबतात.

"दादा, तवा तुमचं वय काय व्हतं?"

"चोवीस."

तेवढ्यात कुणाची तरी हाक आली म्हणून ते उठायला लागले. डावा पाय सरळ पुढं सोडला, दोन्ही हातांनी खांब धरला, अंग वर ओढलं. दोन पोरी न सांगता धावत आल्या आणि बगलेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि परत आपल्या जागेवर गेल्या. रोज असंच उठवतात त्यांना. मीही उठवलंय, कितीतरी वेळा. दादा त्या पायानं जमिनीवर अर्धगोल काढत चालायला लागले.

चोवीस! त्या पोरींमध्येसुद्धा दोघी त्याच वयाच्या होत्या. मी तिथं उभी राहून त्या बावीस शुभेच्छुकांना, माइकवाल्याला, बाहेरच्या जगाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि शिव्या घालता घालता कळलं की त्यांच्यापैकी कुणीही गच्चीवर जाऊन खोटा हुंकार गिरवला नव्हता. तो मी गिरवला होता. मला माझ्याच तोंडात मारावीशी वाटली.

मी दादांच्या मागे गेले. "दादा, मी ह्या वर्षी नाय खेळत."

"आत्ताच तर सांगितलंस!"

"आत्ता 'नाय' सांगतेय."

"घाबरली," दादा म्हणाले. सगळ्या पोरींना ऐकू जाईल असं म्हणाले. "आजकालच्या पोरी नुसत्या नाजूक." त्यांच्या त्या तोंडाला माझ्याकडे उत्तर होतं, जिभेच्या टोकावर होतं. पण मी त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि ते गिळलं. माझ्या आयुष्यात मी गिळलेलं ते बहुतेक एकमेव उत्तर असेल. पुढं महिनाभर दादा माझ्याशी बोलले नाहीत. आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला आणि तो पराभवही माझ्याच नावावर लिहिला गेला. सासूबाईंनी तर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की हिच्या गुडघ्यात काय नाय, हिच्या डोक्यात हाय.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी क्लिनिकचा जिना चढले. ती मुलगी कुलूप काढत होती. मला पाहून दचकली. तिला वाटलं असेल, आता भांडणाचा दुसरा अंक.

"आज तुमची वेळ नाहीये, ताई."

"टेप काढ," मी म्हटलं.

तिनं दार ढकललं, टेप अंथरली. मी चांगल्या पायावर उभी राहिले. हुंकार वगैरे काही नाही. जीव काढून उडी मारली आणि पुढच्या सायकलच्या मशिनवर आदळता आदळता राहिले. मग दुसरा पाय. त्यालाही जेवढं येत होतं तेवढं मागितलं. तो उतरला, थरथरला, आणि कसाबसा स्थिर झाला. दोन खुणांमध्ये इतकं अंतर होतं की टेप वाचायची गरज नव्हती. त्या अंतराकडे बघताना मला ते चोवीस वर्षांचे दादा दिसले, गुडघ्याला फडका बांधणारे, आणि भोवती टाळ्या वाजवणारं आमचं अख्खं गाव. तिथंच मला रडू फुटलं. रागाचंच होतं, पण रडू होतं.

त्या मुलीनं पाण्याचा ग्लास पुढं केला. मग पेन उघडून तिच्या त्या पंख्यापेक्षा हळू आवाजात विचारलं, "हे आकडे लिहू ना, ताई?"

"लिही," मी म्हटलं. "आणि पुढच्या वेळी मी कमी उडी मारली तर सरळ कानाखाली वाजव."